टिकलीखालची पुटकुळी

सांगू का नको, असं झालंय बघा. पण माझा हा वेंधळेपणा ऐकून निदान तुमचं कपाळ तरी वाचेल!

टिकलीच्या जागी, बरोब्बर मधोमध, एक पुटकुळी उठली. एकीच्या चार झाल्या, पाणी येऊन पिवळी खपली धरली. आमच्या तासगावच्या डॉक्टरांनी मलमाची ट्यूब दिली. "जंतूंमुळे झालंय. दिवसातून तीनदा लावा, आठवड्यात जाईल."

औषधाच्या बाबतीत मी फार काटेकोर! घड्याळ बघून लावायची. एक ट्यूब संपली, दुसरी संपली. पुटकुळ्या हलायला तयार नाहीत. उलट दोन वाढल्या!

नणंदबाई फोनवर म्हणाल्या, "आवं वैनी, मलमाला दाद देत न्हाई म्हंजे लय वंगाळ. मिरजेला दाखवा."

झालं! माझं जेवण गेलं. हे पलटणीत वीस वर्षं काढलेले, पण तेही घरात कुजबुजत बोलायला लागले.

मिरजेच्या डॉक्टरांनी भिंग लावून बघितलं. "मलम रोज लावता?"

"एकदा चुकलं नाही हो!"

"मग तुकडा काढून तपासायला पाठवू."

तुकडा? कपाळाचा? ह्यांचा चेहरा पांढराफटक!

डॉक्टरांनी स्वतः मलम लावलं आणि चिठ्ठी लिहायला घेतली. मी सवयीनं पदरानं कपाळ पुसलं, तपासणीसाठी काढून मोबाइलच्या पाठीला चिकटवलेली टिकली उचलली आणि लावली.

डॉक्टरांचा पेन थांबला.

"हे काय केलंत?"

"टिकली लावली."

"आणि मलम?"

"ते ठेवलं तर टिकली चिकटत नाही ना! म्हणून पुसून घेते."

"रोज?"

"दिवसातून तीनदा."

"टिकली कधीची?"

"असेल महिन्याभराची. आंघोळीला जाताना आरशावर लावायची, आल्यावर परत कपाळावर. अजून चांगली आहे की!"

डॉक्टरांनी चिठ्ठी टराटरा फाडली. "बाई, जंतू टिकलीवर आणि औषध पदराला! ती आधी फेका. बरं होईपर्यंत कपाळ मोकळं, मलम पुसायचं नाही. तुकडाबिकडा काही नको."

सुटले बाई! बाहेरच्या बाकावर बसून मी ढसाढसा रडले. डोळे पुसायला पदर उचलला, तर ह्यांनी माझा हात धरला.

"थांब की! दोन ट्यूबा जिरल्यात त्यात. औषध डोळ्यांत जाईल."