तेलाच्या डब्यावरची जागा

गौतमभाऊंच्या मुलीचा फोन आला तेव्हा मी भद्रावतीच्या घरी चहा गाळत होतो. "काका, बाबा गेले," एवढंच ती बोलली. गाळणी हातात तशीच राहिली... आणि पहिला विचार काय यावा? की काल मी उठायला नको होतं. हसाल तुम्ही. हसा.

माजरीच्या कोळसा खाणीच्या वसाहतीत आमची क्वार्टरं भिंतीला भिंत लागून होती. भाऊ कॉलरीच्या, म्हणजे खाणीच्याच, टीमचे फास्ट बॉलर, मी कायमचा बारावा गडी. त्यांचा जीव जडला होता कॅरेबियन बेटांवरच्या एका ऑलराउंडरवर. आम्ही त्याला 'बेटवाला' म्हणायचो. नवा होता तेव्हा तो वाऱ्यासारखा बॉल टाकायचा, आणि शेवटी बॅटिंगला येऊन सिक्स मारायचा. भाऊंनी लगेच आपला रनअप वाढवला, इतका की ट्रकच्या रस्त्यापलीकडून पळत यायचे. पुढे बेटवाल्याचा गुडघा गेला. संपला, म्हणाले सगळे. तर पठ्ठ्या ऑफ स्पिन टाकायला लागला, बॅटिंगलाही वर आला. त्याच सुमारास खाणीत भाऊंची कंबर धरली, मग त्यांनीही स्पिन शिकून घेतली. बॉल वळायचा कमी, अपील मात्र जोरात.

भाऊंच्या घरात एक नियम होता. टीव्हीवर बेटवाला बॅटिंगला आला की जागा सोडायची नाही. भाऊ पलंगावर, मी दाराशी, तेलाच्या पालथ्या डब्यावर. ब्लास्टिंगनं मांडणीवरची भांडी खणखणली तरी हलायचं नाही. एकदा मी पाणी प्यायला उठलो आणि तो रनआउट झाला. भाऊ कितीतरी दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

शेवटी बेटवाल्याला टीममधून काढलं, निरोपाची मॅचही न देता. त्या दिवशी भाऊ जेवले नाहीत. त्यांच्या बायको, मंगलावैनी म्हणाल्या, "त्यानं तुमचं नाव बी नाई ऐकलं, अन् तुम्ही त्याच्यापायी उपाशी?"

"मले तरी कोनं निरोप देल्ला?" भाऊ म्हणाले. कॉलरीच्या टीममधून त्यांचंही नाव असंच गेलं होतं, न सांगता. तेव्हा कुठं आम्हाला कळलं, हा माणूस इतकी वर्षं कोणाची मॅच पाहत होता.

फोन यायच्या आदल्या दिवशी चंद्रपूरच्या दवाखान्यात शेवटचं भेटलो तेव्हा मी मोबाइलवर बेटवाल्याची जुनी इनिंग लावली. स्टुलावर बसलो होतो, पाय अवघडले म्हणून जरा सरकलो.

"हालू नको. तू उठला का तो गेलाच."

"भाऊ, जुनी मॅच आहे. तो आउट झाला होता न."

"मले माहीत आहे. तरी हालू नको."

हललो नाही. पण भेटीची वेळ संपली, वॉर्डातल्या बाईनं मला उठवलंच. इनिंग अर्धीच राहिली. भाऊ दाराकडं बघत होते...

भाऊंच्या पुण्यानुमोदनाच्या विधीला त्यांच्या क्वार्टरमध्ये गेलो. वंदना झाली, माणसं जेवून पांगली. मुलगी तिच्या वडिलांबद्दल बोलत होती, मला काही ऐकू येत नव्हतं. आता बेटवाल्याबद्दल बोलायला या जगात मला कोणी उरलेलं नाही. नाव घेतलं तर पोरं विचारतात, कोण तो? पलंगावर धुतलेली चादर होती आणि दाराशी तोच डबा, पालथा. मी बसलो. मोबाइल काढला, जिथं थांबली होती तिथून इनिंग सुरू केली.

वैनी दोनदा जेवायला बोलावून गेल्या. तिसऱ्यांदा जवळ आल्या, म्हणाल्या, "उठा न भाऊ, अन्न थंडं होऊन राह्यलं."

"थांबा, वैनी," मी म्हणालो. "तो खेळून राह्यला."