बाहेरच्या कक्षेतली मुलगी

इलेक्ट्रॉनच्या वेगावरून माणसाची पारख करता येते, असं मानणारा एकच माणूस मला आयुष्यात भेटला आणि ते माझे सासरे निघाले. मेहकरच्या शाळेत विज्ञान शिकवून ते निवृत्त झाले, पण शिकवणं थांबलं नाही. बसस्टँडवर, देवळात, चहाच्या टपरीवर, जो सापडेल त्याला ते अणूच्या कक्षा समजावत. "खरा अणू काही असा फिरत नसते," हेही प्रामाणिकपणे सांगत, "पण समजाले हे चित्र बरं."

मी मुलगी पाहायला गेलो तेव्हा मुलगी आत होती आणि परीक्षा बाहेर सुरू झाली. "आतला इलेक्ट्रॉन जास्त पयते का बाहेरचा?"

मी शेतकऱ्याचा मुलगा. म्हणालो, "बाहेरचा. मळणीत मधल्या खांबाभोवती, मेढीभोवती, एका दोरात बांधलेल्या बैलांची पात फिरते, तवा कडेच्या बैलालेच जास्त पया लागते."

त्यांचा चेहरा पडला. माझं लग्न बहुतेक तिथंच मोडलं होतं. सासूबाई आतून म्हणाल्या, "अहो, पोरगा पाहून राह्यले का पेपर तपासून राह्यले?"

सासऱ्यांनी माझ्या पोह्यांतले शेंगदाणे वेचून बशीच्या कडेला गोल मांडले. "बैल दोरानं बांधलेले असतात. इथं दोर नाही, ओढ आहे. केंद्राजवळ ओढ जास्त, म्हून आतला भरभर पयते. दूरचा हळू."

"मंग दूरच्याची ऊर्जा कमी असंन."

"जास्त असते."

मला राहवेना. "हळू चालून जास्त कशी?"

ते प्रथमच हसले. "पोट्टे नुसतं उतरून घेतात, इचारत कोणी नाही. विहिरीतून काढलेली बादली काठावर गपचूप बसते, पण वर आणाची मेहनत तिच्यात असतेच ना?" मग आत पाहून म्हणाले, "बोलवा पोरीले."

लग्नानंतर आम्ही खामगावला निघालो तेव्हा सगळे रडले. सासरे खुर्चीवर बसून एवढंच म्हणाले, "बाहेरच्या कक्षेत न्याले ऊर्जा लागते हो. थकलो मी."

पुढे आम्ही कधीही मेहकरला गेलो तरी ओसरीवरचा बल्ब लागलेला असे, दिवसाढवळ्यासुद्धा. "इलेक्ट्रॉन आत आला का उजेड देते," असं ते सांगत, आणि सासूबाई दर वेळी "याहीचं डोकं फिरलं," म्हणत तो बंद करत.

ते गेल्याला आता काही महिने झाले. तेराव्यानंतर परवा आम्ही पहिल्यांदाच गेलो. भर दुपार होती. सासूबाईंनी दार उघडलं. ओसरीवरचा बल्ब लागलेला होता. बायको त्याच्याकडे पाहतच राहिली.

"पाह्यते काय," सासूबाई म्हणाल्या, "आत ये."