दादाचा हेडलॅम्प

लाइट गेली की खुंटीवरचा हेडलॅम्प काढते. त्याच्या पट्ट्याला अजून दादाच्या अत्तराचा वास येतो. आखातातून तो रजेवर आला होता आणि ऐन थंडीत आम्ही भावंडं बाबांच्या बागेच्या वर, कातळाच्या सड्यावर तंबू ठोकून राहिलो होतो. खालून आंब्याच्या मोहोराचा वास येत होता. जेवणं झाल्यावर दादा कपाळावर हाच दिवा लावून माझ्यासमोर बसला. "बागेवरचा हक्क सोडत्येस ना गो? उद्या सही करून टाक." डोळे दिपले होते. म्हटलं, "दादा, दिवा खाली कर. तुझा चेहरा दिसत नाही." "माझा बघून काय करत्येस? तुझा दिसतोय मला." मी सही केली. परत जाताना त्यानं हा दिवा मला देऊन टाकला. बागेतलं माझ्या वाट्याला आलं ते एवढंच. अंधारात तो मी वापरते, पण कुणाशी बोलायचं झालं की आधी बंद करते.