साडूंना पसंत पडलेली मीटिंग

दारू सोडण्यासाठी माणसांनी जिथे जिथे सतरंजी अंथरली असेल, तिथे तिथे काहीतरी खोट काढू शकेल असा एकच मनुष्य मी आयुष्यात पाहिला, आणि तो माझ्या पत्नीच्या थोरल्या बहिणीचा नवरा होता. आमचे हे थोरले साडू बऱ्हाणपुरात केळीचा व्यापार करीत. घडावर अंगठा टेकवून "पास नाही" म्हणण्याची त्यांची सवय इतकी मुरलेली होती, की यकृत संपत आले आहे, आता थेंबही चालणार नाही, असे डॉक्टरांनी बजावल्यावर दारू सोडणाऱ्यांच्या मीटिंगांनाही त्यांनी तोच अंगठा लावायला सुरुवात केली. मी त्यांच्याआधी दारूतून सुटलो होतो. म्हणून त्यांना घेऊन हिंडण्याचे काम घरच्या बायकांनी माझ्याकडे सोपवले.

राजघाटाकडच्या शाळेत भरणारी मीटिंग, जिथे मी स्वतः जातो, त्यांनी पहिल्याच दिवशी नापास केली. प्रत्येकाने उभे राहून केवळ आपले पहिले नाव सांगायचे आणि मी दारुडा आहे असे म्हणायचे, ही तिथली रीत त्यांना असभ्य वाटली. बाहेर आल्यावर म्हणाले, "मास्तर, माझ्या बायकोनं अजून कधी माझं नाव नाही घेतलं, आणि इथं तो पंक्चरवाला घेऊन राहिला." दवाखान्याच्या सभागृहातले लोक त्यांच्या मते फार रडत. जैनाबादच्या लोकांची दारूच त्यांना कमी पडली. तिथे एक गृहस्थ सद्गदित होऊन आपली कहाणी सांगत असता साडू माझ्या कानाशी लागून कुजबुजले, "एवढी तर मी आंघोळीच्या आधी घ्यायचो. याला कोणी बसवलं?" खंडव्याला सगळे चांगले होते, पण चहा आधीच उकळून ठेवलेला होता. प्रत्येक नापास मीटिंगनंतर ते आठवडाभर निर्धास्तपणे पीत. योग्य जागा मिळेपर्यंत सोडण्याची घाई करणे त्यांना व्यवहाराला धरून वाटत नसे. मला हसू येई, आणि माझ्याहून बिघडलेला कोणी आहे याचे त्या हसण्यात थोडे सुखही असे.

मग भुसावळची मीटिंग त्यांना पसंत पडली. तिथे त्यांना ओळखणारे कोणी नव्हते, खुर्च्यांना हात होते, आणि मंडळी आयुष्यात पुरेशी प्यालेली होती. काही रविवार गप्प बसून काढल्यावर ते एकदा उभे राहिले आणि दुसऱ्या कोणाचे सांगावे तसे खालच्या आवाजात त्यांनी आपले नाव सांगितले. त्यानंतर त्यांनी दारूला हात लावला नाही. हातांचा कंप गेला. दाढी ते स्वतः करू लागले. त्याच दिवसांत रावेरच्या एका घरात त्यांच्या मुलीचे जमले. दोन्हीकडून चौकशी झाली, घराणे निर्व्यसनी आहे अशी दोन्हीकडून खात्री देण्यात आली आणि लग्न थाटात पार पडले.

लग्नानंतरच्या एका रविवारी भुसावळच्या त्या खोलीच्या दारात रावेरचे व्याही उभे होते. आम्ही बऱ्हाणपूर सोडून ज्या कारणाने तिथे जात होतो, त्याच कारणाने तेही रावेर सोडून आले होते. मग दोघांनी एकमेकांना रीतसर आलिंगन दिले.

"इकडे कुठं?" साडूंनी विचारले.

"स्टेशनकडे जरा काम होतं. आपण?"

"माझंही तिकडंच."

खरे बोलण्यासाठी राखलेल्या त्या खोलीत दोघे शेजारी बसले आणि शेवटपर्यंत दोघांपैकी कोणीही तोंड उघडले नाही.

परतीच्या गाडीत साडूंनी ती मीटिंग सोडल्याचे सांगितले. मी विनवून पाहिले. ते शांतपणे म्हणाले, "लेकीच्या घरचं आपण पाणी नाही पीत, मास्तर. आता तिथं तिचा सासरा बसून राहिला, म्हणजे ती मीटिंग त्यांची झाली."

मी म्हटले, तेही तर त्यासाठीच आले होते.

"म्हणूनच तर. मुलाकडच्या माणसाला खाली पाहायला लावायचं का?"

यानंतर त्यांनी दुसरी मीटिंग शोधली नाही. मी सुचवेन त्या जागेला ते चांगली आहे म्हणत आणि जात नसत. खोट काढणे त्यांनी थांबवले तेव्हाच मला कळायला हवे होते. पुढच्या हंगामाची केळी त्यांनी पाहिली नाही.

तेराव्याला व्याह्यांनी मला एका बाजूला नेले. त्यांच्या तोंडाला वास येत होता. "मी तर त्या दिवसापासून भुसावळला गेलोच नाही," ते म्हणाले. "वाटलं, मुलीचे वडील आहेत, आपल्यापायी त्यांना अवघड व्हायला नको." दोन्ही घराण्यांनी एकमेकांचा मान राखला होता, आणि भुसावळच्या त्या खोलीत दोघांनाही ओळखणारे कोणीच उरले नव्हते.

आता व्याही रविवारी रावेरहून आमच्या शाळेतल्या मीटिंगला येतात. मीच त्यांना बोलावले. आम्ही शेजारी बसतो. त्यांची पाळी आली की ते उभे राहतात आणि आपले नाव सांगतात. त्या वेळी मी जमिनीकडे पाहत असतो. मुलीकडचा माणूस म्हणून, त्यांच्याकडे पाहणे मला अजून जमलेले नाही.