सोमोद्भवा आणि माझी पाठ

जबलपूरच्या समस्त मराठी मंडळींनो, माझी पाठ दुखून राहिली आहे, याची गंभीर नोंद घ्यावी. आज भावाच्या मुलीचं बारसं होतं. बाळाच्या कानात नाव सांगणाऱ्या आत्याला धपाटे खावे लागतात, आणि आत्या मी.

नाव सोमोद्भवा. म्हणजे चंद्रापासून जन्मलेली, आपली नर्मदाच.

मी भावाला विचारलं, "काहून, नर्मदा काय वाईट होतं?"

"ताई, नर्मदा तो गली-गली में है. हे नावांच्या साइटवर अतिदुर्मीळ दाखवतं."

देवी हवी, पण तिची गर्दी नको.

पाळण्यापाशी मी नाव पुन्हा विचारलं, तर बापानंच ते मोबाइलमध्ये बघून मला सांगितलं. जेवणं होईस्तोवर त्याचीच हाक आली, "सोमू झोपली का?" आमच्या गल्लीतला समोसेवालाही सोमूच आहे.

तुमच्याकडे आहेत का असे दुर्मीळ बाप?

निघताना मी भावाच्या पाठीत एक धपाटा चुपचाप परत केला.