मंडळाचा पलंग

आमच्या कोळीवाड्यातल्या महिला मंडळाकडे फार काही नाही. सतरंज्या, लग्नाची मोठी पातेली, दोन कुबड्या आणि हँडल फिरवलं की डोक्याकडून वर होणारा एक लोखंडी पलंग. मुंबईतल्या कुठल्याशा दवाखान्यानं काढून टाकलेला, आम्हीच टेम्पोत घालून आणला. ज्याच्या घरी माणूस अंथरुणाला खिळलं त्यानं न्यावा, काम झालं की धुऊन परत द्यावा. हे सामान ठेवतो त्या खोलीची चावी माझ्याकडे.

पहिल्या वर्षात चौघा आजाऱ्यांसाठी नेला आणि चौघंही गेले. जाणारच होते हो! पण वाड्यात कुजबुज सुरू झाली की पलंग माणसं खातो. मग आम्ही शहाण्यांनी काय केलं, तर पलंग रंगवला. आमच्या ह्यांनी होडी रंगवून उरलेला निळा रंग दिला. वर नियम केला, आधी त्यावर कोण झोपलं होतं ते कुणाला सांगायचं नाही. आता सांगा, जिथं शेजारणीच्या कालवणात कुठला मासा पडलाय ते वासावरून कळतं, तिथं भर गल्लीतून उचलून नेलेला पलंग लपतो होय?

एका तरण्या खलाशानं आईसाठी पलंग नको म्हटलं. मी त्याच्या दारात उभी राहून चारचौघांत त्याची खरडपट्टी काढली. "पलंगानं कोण मरत न्हाय, पाठीच्या जखमांनी मरतात! शाळेत काय शिकलास रे?" त्यानं मान खाली घातली, पण पलंग नेला नाही. म्हातारी चटईवरच गेली. पाठीची पार चाळण झाली होती. तेव्हाही मी चार बायकांत म्हणाले, बघा, ऐकलं असतं तर. जीभ कशी झडली नाही माझी?

पुढच्याच पावसाळ्यात ह्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली. आरोग्य केंद्रातली नर्सबाई म्हणाली, "पलंग तुमच्याच ताब्यात आहे ना? आजच आणा." मी म्हटलं, हँडल मोडलंय, वेल्डिंगला टाकायचंय.

खोटं. चावी माझ्या कमरेला होती. मला ते चौघं दिसत होते. खोलीच्या दारापर्यंत दोनदा गेले आणि दोनदा माघारी आले. दहाव्या दिवशी ह्यांना कुशीवर वळवलं, तर कमरेखाली रुपयाएवढी कातडी सोलवटलेली. मी मोरीत जाऊन तोंडात पदर कोंबून रडले.

संध्याकाळी तोच खलाशी दारात आला. म्हणाला, "काकी, चावी द्या. हँडल बघतो." मी चावी दिली. अर्ध्या तासात तिघांना घेऊन त्यानं पलंग आणून पडवीत, खिडकीशी ठेवला. माझ्याकडे न बघता हळूच म्हणाला, "हँडल चालू हाय, काकी." एवढंच. त्याला सगळं कळलं होतं, आणि त्यानं मला चारचौघांत उभं केलं नाही.

ह्यांना पलंगावर घेतलं, हँडल फिरवलं. डोकं वर आलं तशी खिडकीतून खाडी दिसली. डाव्या हातानं लोखंड चाचपत हे अडखळत म्हणाले, "आपल्या होडीचा रंग गो." चार महिने ते खाडी बघत होते. जखम भरली. मग एका सकाळी तेही गेले.

तेराव्यानंतर मी पलंग धुतला. पंधरवड्यात खालच्या आळीतली एक सून सासऱ्यांसाठी विचारायला आली. चावी घेताना घुटमळली. "काकी, ह्याच्यावर आधी कोण होतं?"

न सांगण्याचा नियम आम्हीच केला होता. "आमचे हे होते," मी म्हटलं. "ह्याच्यावरच गेले. पण जाताना पाठ कोरडी होती गो. आणायला मीच दहा दिवस उशीर केला. तू करू नको."

ती रडायला लागली. मग आम्ही दोघींनी दोन बाजूंनी पलंग उचलला.