वंशावळीतली अनुसया

सांगू की नको करत वर्षभर पोटात ठेवलं, आज सांगूनच टाकते. चहा तेवढा आधी संपवा. नंतर तो घशाखाली उतरेल याची खात्री मी देत नाही.

माझा स्वभाव तुम्हाला माहीतच आहे. कुकरची शिट्टी झाली तरी मी दचकते. पोस्टमन दारात दिसला की आधी देव आठवतो. अशा माझ्या नावाने जात पडताळणीचं पत्र आलं! शाळेतली नोकरी नुकती लागलेली. पत्रात लिहिलेलं, वंशावळ जोडा, जमिनीचा जुना कागद जोडा, मुदतीत जोडा, नाहीतर नेमणूक रद्द. तो 'रद्द' मी सतरा वेळा वाचला असेल.

बाबांना विचारलं. ते म्हणाले, "सावली तालुक्याच्या तहसीलीत जा. जुने फेरफार तिथंच भेटतील."

"आणि आपल्या गावात?"

"गावात आपलं कोणी नाई आता," असं म्हणून बाबा पंखा कमी करायला उठले. पंखा बंदच होता.

फेरफार म्हणजे जमीन एकाच्या नावावरून दुसऱ्याच्या नावावर गेली की तलाठी करतो ती नोंद. तीन खेटे घातल्यावर आमचा सापडला. कागद असा, की जोरात श्वास सोडला तर पापडासारखा मोडेल. पणजोबा लटारी मयत. वारस मुलगा गोविंदा, म्हणजे माझे आजोबा. धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरं, त्यांच्या नावावर. खाली एक ओळ, मुलगी अनुसया मयत, वारस कोणी नाही. आणि जातीचा रकाना चक्क भरलेला! मी तिथंच रडले. आनंदाने हो.

अनुसयाचं वाईट वाटायला हवं होतं ना? खरं सांगू, मला हायसं वाटलं. ती असती तर तिची मुलं, नातवंडं, सगळ्यांची नावं, सगळ्यांच्या सह्या! वंशावळीत मी तिचा चौकोन काढला, आत 'मयत' लिहिलं आणि खाली पट्टीने छान रेघ मारली.

आता राहिला जबाब. ही वंशावळ खरी आहे, असं गावातल्या कोणा जुन्या माणसाने लिहून द्यायचं. म्हणून भर मे महिन्यात एसटीने गावी गेले. कोतवालाने आजोबांचं नाव ऐकलं आणि माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं.

"गोविंदाची नात? मंग मोठीबाईकडंच जाय ना. तुमच्या घरचं सारं तिलेच माईत. लई खुश होईन तुले पाहून."

कोण ही मोठीबाई, हे विचारायला नको होतं का मी? पण अनोळखी माणसाला दुसरा प्रश्न विचारायचा म्हणजे मला घाम फुटतो. मान हलवली आणि निघाले.

गावाच्या टोकाला एकच खोली. अंगणात विडीच्या तेंदूपानांचा ढीग आणि ढिगाशी एक म्हातारी पानांचे पुडे बांधत बसलेली. ढिगातून मांजर उडालं आणि मी किंचाळले.

"मांजर व्हय माय, वाघ नाई," म्हातारी म्हणाली. "कोनाची तू?"

"गोविंदा लटारींची नात. मुलाची मुलगी."

तिचा हात थांबला. मग उठली, तांब्या भरून आणला आणि माझ्या पायांवर स्वतःच्या हाताने पाणी घातलं. माहेरचं माणूस दारात आलं की तिच्या वयाच्या बायका असं करतात, हे मला आता कळतं. तेव्हा वाटलं, बाई मला सरकारी माणूस समजली!

बिनदुधाचा चहा झाला. मी वंशावळ उघडली.

"लटारीले पोरं किती लिवले?" तिने विचारलं.

"दोन. गोविंदा आणि अनुसया. अनुसया मयत आहे."

"कशानं मेली वो?"

आता हे कुठं लिहिलं होतं? पण माहीत नाही म्हटलं तर ही जबाब देणार नाही, अशी धास्ती. आणि घाबरले की मी बोलत सुटते. "तापाने. लहानपणीच."

"आई गं! रडलं का कोनी?"

"रडलं म्हणजे? आजोबा तर दोन दिवस जेवले नाहीत!"

"गोविंदा?"

"हो ना. एकुलती एक बहीण. शेवटपर्यंत तिची आठवण काढायचे."

आजोबा गेले तेव्हा मी दोन वर्षांची होते. त्यांचा चेहरासुद्धा मला आठवत नाही. पण म्हातारीने पदर डोळ्यांना लावला आणि मला वाटलं, जमलं! आता कोण थांबतंय?

"पानी तरी पाजलं का तिले कोनी?"

"आजोबांनीच. आपल्या हाताने. दादा, दादा म्हणतच गेली ती."

"असं का," म्हातारी म्हणाली. "मले तं कोनी सांगतलंच नाई."

"वाईट वाटून घेऊ नका आजी," मी समजूत घालू लागले. तिची! "कागदाच्या हिशेबाने बरंच झालं. असती तर नुसती भानगड वाढली असती."

"भानगडच व्हती ती," म्हातारीने पुड्याला गाठ मारली. "लिव तुह्यं काय ते."

मी जबाबाचा कागद काढला. "नाव?"

"अनुसया."

"अरे वा, तेच नाव!"

"हावो."

"वडिलांचं?"

"लटारी."

आणि मी लिहिलं! थांबले नाही, वर पाहिलं नाही, सुवाच्य अक्षरात लिहिलं. "भाऊबिऊ?"

"व्हता एक. मी मेली तं दोन दिवस जेवला नाई म्हनते."

मी उठले ती थेट पानांच्या ढिगात बसले.

"भूत नाई वो. हात लावून पाह्य," म्हणत तिने मनगट पुढे केलं. मी लावला हात. म्हणजे बघा, खात्री करून घेतली मी.

नवऱ्याने टाकलं म्हणून ती माहेरी आली होती. बापाच्या धानातली एक बांधी मागितली. भावाने दार लावून घेतलं आणि तिकडे तलाठ्याला सांगितलं, बहीण मेली.

"तुम्हाला कळलं कधी?"

"चावडीवर जमिनीचे कागद वाचून दाखवते ना साऱ्या गावाले, तवा. तलाठ्यानं वाचलं, अनुसया, मयत. सारं गाव माह्याकडं पाहून राह्यलं. मंग मी हात वर केला. हजर म्हटलं."

"मग?"

"मंग काय, हासले सारे. तलाठी म्हने, बाई, अर्ज करा. तवरिक तुह्या आज्यानं बांध्या इकल्याबी व्हत्या."

"मी बदलते, आजी. तुम्ही आहात असं लिहिते." नवा कागद घेतला, पेन टेकवलं, आणि हात तिथंच राहिला. तो फेरफार खोटा ठरला तर? जातीचा रकाना त्याच कागदावर. माझ्याकडे तेवढा एकच कागद. मुदतीला चार दिवस.

म्हातारी माझ्याकडे बघत होती. "नवकरी जाईन का तुही?"

मी होकाराची मान हलवली.

"मंग राहू दे मेलेलीच. आतावरिक फुकट मेली व्हती. आता कोनाच्या कामी तं येऊन राह्यली."

इथं मी कागद फाडला असणार, असं वाटतंय ना तुम्हाला? मलाही तसंच सांगायला आवडलं असतं.

अनुसया लटारी लिहून देते की अनुसया लटारी मयत आहे! असा तो कागद तालुक्याला गेला, जिल्ह्याला गेला. कोणी मान वर करून पाहिलं नाही. शिक्के बसले, प्रमाणपत्र आलं. तिला भेटल्याचं बाबांना सांगितलं तर म्हणाले, "आहे का अजून?" आणि पेपर उघडला.

आजोबांचा फार राग आला होता मला. पण त्यांनी निदान तिच्या पाठीमागे केलं. मी तिच्यासमोर शाईचा पॅड धरला. पहिला अंगठा पुसट उठला, तर मीच म्हटलं, "आजी, जरा जोर लावून दाबा ना."